‘या’ शहरातली पत्रकारिता पाहून थक्क व्हाल!

महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांनी भिवंडी पाहिलेली नसते. त्यांच्या मिक्सरने मात्र पाहिलेली असते. ‘आपले पार्सल भिवंडी येथे पोहोचले आहे’ ही ओळ साताऱ्यापासून अकोल्यापर्यंत प्रत्येक मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली आहे. माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, वळ या गावांत जिथे भाताची खाचरे होती, तिथे आता गोदामे आहेत आणि बड्या ऑनलाइन कंपन्यांचा बराचसा संसार त्यांत रचून ठेवलेला आहे. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला भिवंडीचा विद्यार्थी कॉलरला लावायचा माइक मागवतो, तेव्हा तो माइक त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आधीच पडलेला असतो. पण तिथून तो सरळ येत नाही. त्याला आधी परगावचे कुठलेतरी केंद्र दाखवून आणतात, मग अंजूरफाट्याच्या कोंडीत उभा करतात आणि चौथ्या दिवशी घरी पोहोचवतात. दरम्यान विद्यार्थी दर तासाला मोबाइलवर त्याची खबर घेत असतो. एका घटनेचा इतका सलग पाठपुरावा पुढच्या तीन वर्षांत त्याच्या हातून पुन्हा होत नाही.

माइक लागतोच. भिवंडीतले यंत्रमाग लाखांत मोजायचे आहेत, आणि त्यातले पुष्कळसे अजून साधे, धोट्याचे. धोटा एका अंगाने दुसऱ्या अंगाला आपटत राहतो, दिवसपाळी संपली की रातपाळी. शांतीनगर नावाच्या भागात हा आवाज सर्वांत चांगला ऐकू येतो. अशा गल्लीत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघत चार वाक्ये बोलायची, याला वर्गात ‘पीटूसी’ म्हणतात. मुंबईच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की, पार्श्वभूमीचा आवाज बातमीला जिवंतपणा आणतो. पुस्तक लिहिणारा खाडीपलीकडचा असावा. वीज गेली की माग थांबतात, तेवढ्यात पीटूसी उरकून घ्यावा, असे शहाणे विद्यार्थी ठरवतात. मग लक्षात येते की, विजेबरोबर घरातला राउटरही गेला आहे. भिवंडीतले वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे आहे. महावितरणने असे काम फ्रँचायझीला देण्याचा प्रयोग पहिल्यांदा इथेच केला. तेव्हापासून गावातल्या बातमीदारांना पाऊस नसला, निवडणूक नसली, तरी वीजबिल हा विषय असतोच.

आणि बातमीदार तर भरपूर आहेत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला (भिवंडीत पाण्याचा भाव वेगळा असतो, तो विषय पुढे येईल), आणि गल्लोगल्ली ‘चॅनल’ निघाले. चॅनल काढायला तीन गोष्टी लागतात: एक मोबाइल, एक गाडी आणि एक फ्लेक्सवाला. फ्लेक्सवाला चौकोनी बूम छापून देतो. त्यावर चॅनलचे नाव, नावात ‘चोवीस तास’ आणि कोपऱ्यात पृथ्वीचा गोल असतो. तोच माणूस गाडीवर लावायला ‘प्रेस’ असे लाल अक्षरांचे स्टिकरही देतो. शासनाची अधिस्वीकृती मिळवायला माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे अर्ज, अनुभवाचे दाखले, समितीची बैठक असे बरेच काही लागते. स्टिकरला यातले काहीच लागत नाही, आणि नाक्यावरचा हवालदार दोन्हींकडे सारख्याच नजरेने बघतो.

विद्यार्थ्याच्या घरात खरी अडचण इथे सुरू होते. त्याचा चुलतभाऊ दहावीनंतर एका आठवड्यात ‘मुख्य संपादक’ झालेला असतो. गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर त्याचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, नगरसेवक त्याला नावानिशी हाक मारतात. आणि हा मात्र रोज ठाण्याला किंवा कल्याणला जाऊन, कोंडीत दोन तास घालवून, ‘जनसंज्ञापनाचे सिद्धान्त’ नावाची फाइल घेऊन परत येतो. वडील ग्रे कापडाच्या दलालीत मुरलेले असतात. ते विचारतात, ‘‘अरे, तीन वर्षं शिकून तू काय होणार?’’ ‘‘पत्रकार.’’ ‘‘मग तो कोण आहे?’’ या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमात कुठेही दिलेले नाही.

उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढले, तेव्हा ते जेमतेम विशीतले होते आणि पत्रकारितेची पदवी जगात कुठेच मिळत नव्हती. पत्रकारितेची जगातली पहिली महाविद्यालयीन शाळा अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात १९०८ साली उघडली. तिथले विद्यार्थी वर्गात कमी बसत आणि गावाचे खरे दैनिक चालवत. आपल्या उपखंडात १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात असा विभाग निघाला. मराठीत त्याआधी लोकहितवादी झाले, टिळक-आगरकर झाले, ‘मूकनायक’ निघाले; कुणाच्याही नावापुढे पदविका नव्हती. म्हणजे इतिहास पाहिला तर चुलतभावाची बाजू बरीच भक्कम आहे. फक्त एक फरक राहतो. जांभेकर मराठीच्या बरोबरीने इंग्रजी मजकूर छापत असत आणि दोन्हींची जबाबदारी घेत. चुलतभाऊ ‘सूत्रांनी सांगितले’ असे म्हणतो, आणि सूत्र म्हणजे दुसरा चुलतभाऊ असतो.

भिवंडी मुंबई विद्यापीठाच्या पंखाखाली येते. या विद्यापीठाने ‘बीएमएम’ ही पदवी पुष्कळ वर्षे चालवली. २०१९ च्या सुमारास तिचे नाव लांबवून ‘बीए एमएमसी’ केले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना आपण नेमके काय शिकलो हे नातेवाइकांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावे लागले. ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ पासून टपालाने आणि नंतर इंटरनेटने घरपोच ज्ञान देते. तेही बहुधा भिवंडीवरूनच जात असावे.

ऑनलाइन पत्रकारिता शिकवणाऱ्या विद्यापीठाचे स्वतःचे ‘ऑनलाइन’ कसे आहे, हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने २०१७ साली ठरवले की, यापुढे सगळ्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायच्या. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करायला घेतल्या. जून गेला, जुलै गेला. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही गेली. काही उत्तरपत्रिका सापडेनात. परदेशी प्रवेश मिळालेली पोरे निकालाशिवाय विमानतळाच्या वाटेला लागली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच पदावरून दूर करण्यात आले. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना त्या वर्षी बातमी शोधायला बाहेर पडावेच लागले नाही. आपला निकाल कधी, हीच बातमी होती. पुढे करोनात परीक्षा घरोघरी मोबाइलवर झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये दूरस्थ शिक्षण संस्थेच्या परीक्षेवर सायबर हल्ला झाला आणि पेपर पुढे ढकलावे लागले. सायबर सुरक्षा या प्रकरणाची इतकी जिवंत प्रात्यक्षिके दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाने क्वचितच दिली असतील.

यावर कळस चढला तो २०२५ मध्ये. पदवीदान झाले, प्रमाणपत्रे वाटली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आले की, विद्यापीठाच्या इंग्रजी नावात एक ‘ए’ जास्तीचा पडला आहे. ‘मुंबई’चे ‘मुमाबाई’ झाले होते. मुद्रितशोधनाच्या पेपरात एका चुकीला अर्धा गुण कापून घेतलेल्या विद्यार्थ्यांनी ही बातमी किती मन लावून वाचली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. विद्यापीठाने प्रमाणपत्रे बदलून द्यायचे कबूल केले. अर्धे गुण मात्र कुणी परत दिले नाहीत.

अभ्यासक्रमाचा गाभा मात्र पक्का आहे. पहिल्याच सत्रात सहा ककार शिकवतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. सगळ्यात महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर, वाचकाने पहिल्या परिच्छेदावर सोडून दिले तरी त्याला बातमी कळलेली असली पाहिजे. पोरे हे तोंडपाठ करतात आणि सरावाला भिवंडीचा हुकमी विषय घेतात, म्हणजे गोदामाची आग. वर्गातली कॉपी अशी येते: ‘भिवंडी तालुक्यातील एका कापड गोदामाला मंगळवारी पहाटे आग लागली. अग्निशमन दलाने ती आटोक्यात आणली. कुणालाही इजा झाली नाही.’ सर लाल शाईने ‘छान’ लिहितात.

मग दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत विद्यार्थी एखाद्या मोठ्या संकेतस्थळाच्या डेस्कवर इंटर्न म्हणून जातो आणि ‘छान’ मिळालेली तीच बातमी तिथे देतो. डेस्कवरची ताई ती वाचते, कपाळाला हात लावते आणि म्हणते, ‘‘अरे, सगळं वरच सांगून टाकलंस! मग लोक आत कशाला येतील?’’ अर्ध्या तासाने बातमी बाहेर पडते: ‘भिवंडीतल्या ‘त्या’ गोदामात पहाटे नेमकं काय घडलं? व्हिडिओ पाहून अंगावर काटा येईल!’ पहिल्या परिच्छेदात भिवंडीला गोदामांची राजधानी म्हणतात हे येते. दुसऱ्यात आगी किती वाईट असतात हे. तिसऱ्याच्या आधी केसांच्या तेलाची जाहिरात, चौथ्याच्या आधी बाथरूमच्या टाइल्स. कुणालाही इजा झाली नाही, हे सातव्या परिच्छेदात, ‘हेही वाचा’च्या खाली सापडते. तोवर ज्याचा भाऊ गोदामात रातपाळीला होता, त्याने फोन करून केव्हाच खात्री करून घेतलेली असते.

मराठीतल्या ऑनलाइन मथळ्यांचा हा ‘या’, ‘त्या’ आणि ‘हे’ अवतरणात घालण्याचा प्रकार स्वतंत्र प्रबंधाला पुरेल. ‘‘या’ अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय’, ‘‘हे’ कारण आलं समोर’, ‘‘इतक्या’ रुपयांनी स्वस्त झालं सोनं’. जगातल्या कुठल्याही छापील वृत्तपत्राच्या उपसंपादकाने नाव गाळले असते, तर त्याच दिवशी त्याचा हिशेब केला असता. इथे नाव गाळता आले नाही, तर हिशेब होतो. गंमत अशी की, कॉलेजात शिकवायला येणारे पाहुणे व्याख्याते बहुधा याच डेस्कवरचे असतात. सकाळी ते वर्गात सहा ककार शिकवतात आणि दुपारी डेस्कवर बसून त्यातले पाच कापतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मथळा बरा असून चालत नाही, गूगलला आवडावा लागतो. आणि गूगलला आज काय आवडते, हे गूगल सांगत नाही.

गूगलला भिवंडी आवडते की नाही, हाही प्रश्नच आहे. राजस्थानात भिवाडी आहे, हरियाणात भिवानी आहे. घाईघाईत टाइप करणाऱ्याला आणि दिल्लीत बसलेल्या निवेदकाला तिन्ही सारख्याच. २०१४ साली सोनाळे गावातल्या प्रचारसभेत केलेल्या भाषणावरून राहुल गांधींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १२ जून २०१८ ला ते भिवंडीच्या न्यायालयात हजर झाले. त्या दिवशी राष्ट्रीय वाहिन्यांच्या ओबी व्हॅन गावात आल्या. एरवी गावातल्या रस्त्यांवर कापडाचे तागे वाहणारे टेम्पो ज्या रांगेत अडकतात, त्याच रांगेत त्या अडकल्या. विद्यार्थ्यांना मोठ्या पत्रकारितेचे जवळून दर्शन झाले. एक गोष्ट तर त्यांना कायमची कळली: दिल्लीचा वार्ताहरही लाइव्ह जाण्याआधी पानवाल्यालाच विचारतो, ‘‘भैया, अंदर क्या हुआ?’’

‘कीवर्ड’ या प्रकरणात विद्यार्थ्याचे आणखी काही भ्रम गळून पडतात. त्याने महिनाभर राबून साइझिंगच्या कारखान्यातल्या उष्णतेवर लेख लिहिलेला असतो. कांजीत सूत बुडवताना वाफेत उभे राहणारे कामगार, त्यांची पाळी, त्यांचा पगार, सगळे गोळा केलेले असते. शेजारच्या खुर्चीवरची इंटर्न दहा मिनिटांत ‘आजचे राशिभविष्य’ लावते. संध्याकाळी पेज व्ह्यूजचा तक्ता येतो. वृश्चिक रास एकटी साइझिंगच्या चारपट असते. मुख्य उपसंपादक समजूत घालतात, ‘‘लेख चांगला आहे रे, पण तो वृश्चिकला जोडता येतो का बघ.’’

भाषेचे तर विचारायलाच नको. भिवंडीत मराठी आहे, उर्दू आहे, पद्मानगरात घराघरांत तेलुगू आहे, मागावर भोजपुरी आहे आणि खाडीकाठच्या गावांतून आगरी आहे. वर्गात प्रमाण मराठीतला वृत्तान्त शिकलेला मुलगा काल्हेरला बातमीसाठी गेला की, ओट्यावरचे आजोबा म्हणतात, ‘‘आमचा गाव पन दाखव रं!’’ तेवढ्यात महापालिकेतल्या माणसाची बाइट हिंदीत येते, पीडिताची उर्दूत आणि पंचनाम्याची प्रत मात्र अशा सरकारी मराठीत, जी कुणाचीच मातृभाषा नाही. या सगळ्याचे मराठी करून मोबाइलला बोलून टाइप करायला सांगितले, तर मोबाइल ‘यंत्रमाग’चे ‘मंत्र माग’ करतो. आधीच्या पिढीचे हाल वेगळे होते. त्यांनी पुण्याच्या श्रीलिपीत टाइप केलेली देखणी कॉपी संकेतस्थळावर चिकटवली की, तिथे अगम्य चिन्हांची रांग उमटायची. वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्या असे सांगावे लागे. युनिकोडने तो छळ संपवला. आता बातमी सगळीकडे वाचता येते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकाही सगळीकडे वाचता येतात.

तिसऱ्या वर्षी कायदा येतो, आणि पाठच्या बाकावर झोपलेली पोरेही उठून बसतात, कारण हा कायदा शेजारच्या गावातला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हा, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६-अ’ हे कलमच रद्द झाले. एका ‘लाइक’वरून देशाचा कायदा बदलतो, हे कळल्यावर वर्गातली मुले दोन दिवस काहीही लाइक करायची थांबतात.

मग येतात २५ फेब्रुवारी २०२१ चे नियम. डिजिटल बातम्या देणाऱ्या प्रत्येकाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. मोठ्या संस्थांना हे जमते. गल्लीतल्या चॅनलात मालक, संपादक, वार्ताहर, कॅमेरामन आणि गाडीचा चालक ही एकच व्यक्ती असते. तिथे त्या व्यक्तीविरुद्ध आलेली तक्रार त्याच व्यक्तीने स्वीकारायची, स्वतःला पोच द्यायची, पंधरा दिवस विचार करायचा आणि स्वतःला समज द्यायची. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १४ ऑगस्टला यातल्या आचारसंहितेच्या पोटनियमांना स्थगिती दिली. म्हणजे आचारसंहिता पाठ करायची आणि ती पाळायची सक्ती स्थगित आहे, हेही पाठ करायचे. सरकारने २०२३ मध्ये सरकारबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवायला सत्यशोधन कक्षाची तरतूद केली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने रद्द केली. १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आणि १८६७ चा जुना गेला. त्यात चार पानी साप्ताहिकाला शीर्षक पडताळून घ्यावे लागते, यूट्यूबवरच्या ‘चोवीस तास’ला लागत नाही. मार्गदर्शक पुस्तके छापून दुकानात येईपर्यंत शिळी होतात. विद्यार्थी ती तरीही घेतात, कारण पेपर काढणाऱ्यांनीही तीच घेतलेली असतात.

एक प्रकरण मात्र असे आहे की, त्यावर वर्गात कुणी विनोद करत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे व्हॉट्सॲपवर पसरले होते. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंतला एक मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीचा होता. शेवटचा खुलाशाचा भाग कापून तो फिरवला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवणे बंद केले. चित्र उलटे शोधून त्याचा मूळ स्रोत काढायचे तंत्र या घटनेवरून शिकवतात. वर्गात ते शिकायला दहा मिनिटे लागतात.

भिवंडीच्या मुलांना यातले अर्धे घरूनच ठाऊक असते. मे १९७० आणि मे १९८४ या दोन दंगली गावाने पाहिल्या. पहिलीवर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. घरातली मोठी माणसे सांगतात त्यात एक वाक्य हमखास असते, ‘‘आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं की...’’ त्या ‘कुणीतरी’चा बंदोबस्त कसा करायचा, हा प्रश्न १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी उचलला. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली रोजची माणसे पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसवली. काही कानावर आले तर आधी एकमेकांना विचारायचे, अशी सवय लावली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी यावर पुढे पुस्तकही लिहिले. त्या समितीतल्या कुणाकडे पदविका नव्हती, कुणाला अधिस्वीकृती नव्हती. विद्यापीठाने ‘बातमीची पडताळणी’ या घटकाला पंधरा गुण ठेवोत की पाच, हे उदाहरण अभ्यासक्रमात सापडत नाही; पोरांना ते आजीकडून मिळते.

नोकरीचे प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण नोकऱ्याही थोडक्यातच आहेत. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसीने मराठी सेवा सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या घरात पहिल्यांदा ‘डिजिटल’ या शब्दाला मान मिळाला. बीबीसी आजोबांना रेडिओमुळे माहीत होती. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर मराठीतून खेड्यांच्या गोष्टी येतात, त्या वाचून काही मुले बिघडतात आणि पुन्हा साइझिंगकडे वळतात. ‘बोल भिडू’सारख्या यूट्यूब चॅनलांचे यश पाहून बाकीची कॅमेऱ्यासमोर बसून ‘तर झालं असं की’ म्हणायचा सराव करतात. उरलेले स्ट्रिंगर होतात. त्यांना बातमीमागे पैसे मिळतात आणि आग लागली तरच बातमी होते, त्यामुळे त्यांचे सणवार सगळे अग्निशमन दलाच्या वेळापत्रकाप्रमाणे होतात.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचे बातम्यांचे पान चालवून दाखवावे लागते. अशाच एका विद्यार्थिनीने गेल्या काही महिन्यांत काय काय केले ते सांगण्यासारखे आहे. कामवारी नदीच्या प्रदूषणावर तिने लेखमाला लावली. ती तिच्या आईने वाचली. मेट्रो पाचचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झाले, तेव्हापासून धामणकर नाक्यावर खांबांखालून जाणाऱ्या रिक्षावाल्यांशी ती बोलली. ते रिक्षावाल्यांनीही वाचले नाही. मग एका संध्याकाळी कंटाळून तिने ‘उद्या कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी येणार’ एवढेच टाकले. दुसऱ्या दिवशी अख्खा मोहल्ला तिचा वाचक झाला. पद्मानगरातून तेलुगूत विचारणा येऊ लागली. समोरच्या चाची गॅलरीतून ओरडून विचारू लागल्या, ‘‘बेटा, कल का पानी डाला क्या?’’ पत्रकारितेत यालाच वाचकांशी थेट नाते म्हणतात, असे तिने प्रकल्पात लिहिले, आणि सरांनी त्याखाली दुहेरी रेघ मारली.

अडचण आली ती एका शुक्रवारी. दोन दिवस पाणी सातला येत होते, म्हणून तिसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता तिने ‘सात’च लिहिले. पाणी साडेपाचला येऊन गेले. सव्वासातला दार वाजले. त्यानंतर खिडकी, फोन आणि खालून रिकामी बादली, सगळेच वाजायला लागले. सरकारी नियमाने तक्रारीचा निर्णय पंधरा दिवसांत द्यायचा असतो. इथे तक्रारदारांनी पंधरा मिनिटेही दिली नाहीत. चुलतभाऊ येऊन सल्ला देऊन गेला, ‘‘पोस्ट उडवून टाक, कुणाला आठवणार आहे?’’ तिने ती उडवली नाही. खाली ठळक अक्षरांत दुरुस्ती टाकली, माफी मागितली, आणि प्रकल्पासाठी तिचा फोटो काढून ठेवला. ‘दुरुस्ती’ या घटकाला पाच गुण आहेत.

मग ती खाली उतरली आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी सोडायला येणाऱ्या व्हॉल्व्हमनला गाठले. उद्याची नक्की वेळ सांगा म्हणाली. त्याने चाकावरचा हात काढला, आजूबाजूला पाहिले, तिच्या हातातला बूम पाहिला आणि तो हळूच बाजूला सारून म्हणाला, ‘‘ताई, पावणेसहा. पण माझं नाव टाकू नका हां. ‘सूत्रांनी सांगितलं’ असं टाका.’’